चौघांनी एकाच वेळी लिहायची आउटलाइन: ब्राउझरमधला संपादक स्वतः बांधताना

सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत सेवा देणारं एखादं मंडळ कामं वाटायला बसलं की वहीत जे उतरतं, ती आउटलाइनच असते. मोठी कामं डावीकडे, त्यांच्या पोटात छोटी कामं, त्यांच्याही पोटात माणसांची नावं:

तैलाभिषेक
  ६८ लिंगांचा मार्ग
    पाण्याची सोय
    प्रथमोपचार पेटी
अक्षता सोहळा
  संमती कट्ट्याजवळचे स्वयंसेवक
होम मैदान
  हरवलेल्या मुलांचा कक्ष
  शोभेच्या दारूच्या रात्रीचा बंदोबस्त

हे पान पाच-सहा जणांच्या फोनवर एकाच वेळी उघडं असावं, एकाने ओळ सरकवली की दुसऱ्याला लगेच दिसावं, आणि मैदानावरच्या गर्दीत नेट गेलं तरी लिहिलेलं वाया जाऊ नये, एवढीच आपली मागणी आहे. ती पुरी करणारा संपादक कसा बांधायचा ते इथे पायरीपायरीने सांगतो. एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्टची तोंडओळख असलेल्या कॉलेजच्या मुलामुलींना हे नक्की जमेल. त्यासाठी महागडा लॅपटॉप लागत नाही. नोड जेएस, एक कोड एडिटर आणि दोन वेगवेगळे ब्राउझर एवढ्यावर भागतं.

ही कल्पना जुनी आहे. डग्लस एंगेलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत दाखवलेल्या प्रात्यक्षिकात माऊसबरोबर उघडमीट होणारी आउटलाइनही होती, आणि दूरच्या सहकाऱ्याबरोबर एकाच पडद्यावर काम करणंही होतं. पुढे १९८९ साली एलिस आणि गिब्ज यांनी अनेकांचे बदल एकत्र जुळवण्याची पहिली नीट मांडलेली रीत प्रसिद्ध केली. ती ज्या प्रोग्रामसाठी होती तो 'ग्रोव्ह' हा गटाने वापरायचा आउटलाइन एडिटरच होता. म्हणजे आपण हात घालतोय तो या शाखेचा मूळ प्रश्न आहे.

पहिली पायरी: पडद्याआधी माहितीचा आकार ठरवा

नवशिक्याचा हात आधी बटणांकडे आणि रंगांकडे जातो. तो मोह आवरा. आउटलाइन झाडासारखी दिसते म्हणून ती साठवतानाही यादीच्या पोटात यादी, तिच्या पोटात आणखी यादी अशी साठवावीशी वाटते. एकट्याने वापरायचं असेल तर ते चालतं. अनेकांनी वापरायचं असेल तर तिथेच घोळ सुरू होतो, कारण अशा रचनेत ओळ हलवणं म्हणजे एका जागेवरून पुसणं आणि दुसऱ्या जागी नव्याने लिहिणं. दोघांनी एकाच क्षणी 'प्रथमोपचार पेटी' दोन वेगळ्या जागी हलवली तर ती दोनदा उगवते. आणि एक जण ती हलवत असताना दुसरा तिच्यात काही लिहीत असेल, तर त्याचं लिखाण पुसलेल्या प्रतीबरोबर जातं.

म्हणून सगळ्या ओळी एका सपाट संग्रहात ठेवा. प्रत्येक ओळीकडे तीनच गोष्टी असू द्या: तिचा कायमचा आयडी, तिची जागा आणि तिचा मजकूर. 'जागा' म्हणजे पालक ओळीचा आयडी आणि भावंडांमधला क्रम. घर बदललं तरी माणसाचा आधार क्रमांक तोच राहतो, तसं ओळ कुठेही गेली तरी आयडी तोच. आता हलवणं म्हणजे फक्त 'जागा' हे एक मूल्य बदलणं, मजकुराला हातही लागत नाही.

इथे एक बारकावा आहे. पालक आणि क्रम ही दोन वेगळी खाती करू नका, दोन्ही मिळून एकच मूल्य ठेवा. वेगळी ठेवली आणि दोघांनी एकदम हलवाहलव केली, तर पालक एकाचा आणि क्रम दुसऱ्याचा अशी खिचडी होऊन ओळ कोणीच न सांगितलेल्या जागी जाऊन बसते.

सगळ्यात वरची 'मूळ' ओळ साठवूच नका. ते नुसतं एक ठरलेलं नाव असू द्या. साठवायची ठरवली तर पहिल्यांदा उघडणारे दोघेही आपापली मूळ ओळ तयार करतात आणि जुळणी करताना एकाची गळते.

आयडीसाठी ब्राउझरचं रँडम यूयूआयडी फंक्शन वापरा, ते दर वेळी दुसऱ्या कशाशी न जुळणारं लांब नाव देतं. ते फक्त एचटीटीपीएसवर किंवा लोकलहोस्टवरच मिळतं. तुमच्या लॅपटॉपवर सगळं सुरळीत चाललेलं असतं, मग वायफायवरून फोनमध्ये १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता टाकून तेच पान उघडलं की नवी ओळच तयार होत नाही. कोड तपासत बसू नका, कारण बहुधा हेच असतं.

दुसरी पायरी: क्रम

भावंडांना १, २, ३ असे क्रमांक दिले की मधे ओळ घालताना पुढच्या सगळ्यांचे क्रमांक बदलावे लागतात, आणि तेवढे सगळे बदल इतरांच्या बदलांशी भिडतात. त्याऐवजी दोन शेजाऱ्यांच्या मधलं मूल्य काढायचं: १ आणि २ च्या मधे १.५, मग १.२५. दशांश संख्यांनी हे करू नका. एकाच फटीत सतत ओळी घालत गेलात तर पन्नासेक वेळांनंतर संगणकाची अचूकता संपते आणि मधलं मूल्य शेजाऱ्याइतकंच निघतं. अक्षरांची किल्ली, म्हणजे क्रम सांगणारी अक्षरांची माळ, वापरा. तिची लांबी वाढवता येते, त्यामुळे मधे कायम जागा सापडते. या पद्धतीला 'फ्रॅक्शनल इंडेक्सिंग' म्हणतात, आणि एनपीएम या नोड जेएसच्या पॅकेज-भांडारात याच नावाचं छोटं तयार पॅकेज आहे.

दोन गोष्टी मात्र पाळा. दोघांनी एकाच फटीत ओळ घातली तर किल्ली सारखीच निघू शकते, तेव्हा बरोबरी झाली की आयडीवरून क्रम लावा. आणि किल्ल्यांची तुलना साध्या 'पेक्षा लहान' चिन्हानेच करा. भाषेनुसार तुलना करणारं फंक्शन कॅपिटल-स्मॉल अक्षरांचा क्रम वेगळा लावतं आणि ओळी उलटसुलट होतात.

तिसरी पायरी: एकट्यासाठी चालू करा

आता पडदा. पालकाप्रमाणे ओळींचे गट पाडा, गटागटात क्रम लावा, आणि मुळापासून खाली चालत प्रत्येक ओळीची खोली मोजत जा. पडद्यावरही यादीच्या पोटात यादी करू नका. सगळ्या ओळी एकाखाली एक सपाट ठेवा आणि खोलीनुसार डावीकडचा समास वाढवा. याचा मोठा फायदा टॅब दाबल्यावर कळतो. टॅबने ओळ वरच्या भावंडाच्या पोटात शेवटची जाते, म्हणजे पडद्यावरचा तिचा नंबर बदलतच नाही, फक्त समास बदलतो. लिहिण्याची चौकट जागची हलत नाही, त्यामुळे कर्सरही उडत नाही. चौकट उचलून दुसरीकडे ठेवली की ब्राउझर तिच्यावरचा फोकस काढून घेतो.

प्रत्येक ओळीला एक छोटा टेक्स्टएरिया द्या. सगळं पान एकाच मोठ्या संपादनीय चौकटीत ठेवण्याचा मार्ग दिसायला सोपा असला तरी नवशिक्यासाठी तो फार खडतर आहे. पडदा पुन्हा काढताना आयडीवरून जुनी चौकट शोधा आणि तीच वापरा. दर वेळी नवी केलीत तर लिहिता लिहिता कर्सर गायब होतो.

कीबोर्डवरच्या कळांचं वागणं असं ठरवा. एंटरने ओळ कर्सरपाशी तुटते आणि मागचा भाग खालच्या नव्या ओळीत जातो. टॅबने ओळ आत जाते. वर भावंड नसेल तर काहीच होत नाही. शिफ्ट-टॅबने ती बाहेर येते आणि जुन्या पालकाच्या लगेच नंतर बसते. तिच्यामागची भावंडं जुन्या पालकाकडेच राहतात. इथे मात्र ओळीचा पडद्यावरचा नंबर बदलू शकतो, म्हणून काम झाल्यावर फोकस पुन्हा द्या. फोनच्या कीबोर्डवर टॅब नसतो आणि आपले बहुतेक स्वयंसेवक फोनच वापरणार, म्हणून आत, बाहेर, वर, खाली आणि काढा अशी पाच ठसठशीत बटणं कीबोर्डच्या वर चिकटलेली हवीत. ही बटणं पहिल्या आवृत्तीतच घाला.

ओळ मिटलेली की उघडी हे सामायिक माहितीत घालू नका. ते ज्याचं त्याच्या ब्राउझरमध्ये राहू द्या. पाण्याचं काम बघणाऱ्याने बाकीच्या शाखा मिटल्या म्हणून प्रथमोपचारवाल्याचा पडदा मिटता कामा नये.

चौथी पायरी: मराठी लिहून बघा, लगेच

हे काम शेवटावर टाकलं तर चौकटींचा सगळा कोड पुन्हा लिहायची वेळ येते. इंग्रजी कीबोर्डवर एक कळ म्हणजे एक अक्षर. फोनवर रोमन अक्षरांतून मराठी लिहिताना मात्र शब्द आधी 'कच्चा' असतो आणि निवडल्यावर पक्का होतो. ब्राउझर या कच्च्या काळाच्या सुरुवातीला आणि शेवटी 'कॉम्पोझिशन'च्या घटना पाठवतो. या काळात दोन गोष्टी करायच्या नाहीत. एक, एंटर आला तर ओळ तोडायची नाही, कारण तो बऱ्याचदा सुचवलेला शब्द निवडण्यासाठी असतो. दोन, दुसऱ्याचा बदल त्या चौकटीत घुसवायचा नाही. तो रांगेत थांबवा आणि शब्द पक्का झाल्यावर लावा. नाहीतर 'संमती' लिहिणाऱ्याच्या हातात अर्धाच शब्द उरतो, नाहीतर तोच शब्द दोनदा उमटतो. अँड्रॉइडचे कीबोर्ड कळ दाबल्याची घटना पाठवताना कोणती कळ ते पुष्कळदा सांगतच नाहीत, नुसता २२९ हा आकडा देतात. म्हणून कळीवर विसंबू नका, 'बिफोर-इनपुट' घटनेत काय घडणार आहे त्याचा प्रकार मिळतो, तो वाचा.

अक्षर कुठे तोडायचं हाही प्रश्न आहे. 'क्षि' आपल्याला एकच दिसत असलं तरी संगणकाकडे ते क, हलन्त, ष आणि इकार असे चार तुकडे असतात. कोडमधून कुठेही मजकूर कापायचा असेल, उदाहरणार्थ लांब ओळीचा सुरुवातीचाच भाग दाखवायचा असेल, तर ब्राउझरमधला, अक्षरांच्या सीमा सांगणारा 'सेगमेंटर' वापरा. जोडाक्षर एकसंध मानण्याचा नियम युनिकोडमध्ये २०२३ साली, १५.१ या आवृत्तीत आला, त्यामुळे जुन्या फोनवर तोच कोड जोडाक्षराच्या मधे तोडू शकतो. दोन्हीकडे तपासा.

शोध-खिडकी करणार असाल तर 'दुसऱ्या' हा शब्द टाकून बघा. त्यातला अर्धा र दोन रीतींनी लिहिला जातो: नुक्त्याचा ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण संगणकाला वेगळे, आणि युनिकोडचं नेहमीचं 'नॉर्मलायझेशन' (वेगवेगळी रूपं एकसारखी करणं) त्यांना एक करत नाही. शोधण्याआधी मजकूर आणि शोधशब्द दोन्हींतलं हे रूप स्वतः एकसारखं करून घ्या. साठवलेल्या मजकुराला हात लावू नका, हा बदल तुलनेपुरताच.

सोलापुरात एकाच पानावर मराठी, कन्नड आणि तेलुगू ओळी येणारच. पूर्व भागातला स्वयंसेवक तेलुगूत टीप लिहील, अक्कलकोटकडचा कन्नडात. नोटो कुटुंबातल्या फाँटमध्ये तिन्ही लिप्या मिळतात. ओळीची उंची अक्षराच्या दीडपटीहून थोडी जास्त ठेवा, नाहीतर रफार आणि उकार कापले जातात.

पाचवी पायरी: जोडणी

आता अनेकांचे बदल जुळवायचे. आज यासाठी सीआरडीटी नावाच्या रचना वापरतात. शापिरो आणि सहकाऱ्यांनी २०११ साली त्यांची औपचारिक मांडणी केली. त्यांचं वचन सरळ आहे: प्रत्येकाकडे पूर्ण प्रत असते, बदल कोणत्याही क्रमाने पोहोचले तरी चालतात, आणि सगळ्यांकडे सगळे बदल पोहोचले की सगळ्या प्रती एकसारख्या होतात. नेट नसतानाही काम चालू राहतं ते यामुळेच. ही रचना स्वतः लिहायला घेऊ नका. वायजेएस ही मुक्त लायब्ररी घ्या. ऑटोमर्ज हा दुसरा चांगला पर्याय, पण नवशिक्याला वायजेएसभोवतीची तयार सामग्री जास्त उपयोगी पडते.

वायजेएसमध्ये एक डॉक्युमेंट करा आणि त्यात 'ओळी' नावाचा वाय-मॅप (नावासमोर मूल्य ठेवणारा संग्रह) ठेवा. प्रत्येक आयडीसमोर आणखी एक वाय-मॅप, आणि त्यात 'जागा' साधं मूल्य म्हणून आणि 'मजकूर' वाय-टेक्स्ट म्हणून. जागेच्या बाबतीत दोघांची टक्कर झाली तर एकाचीच टिकते, पण सगळ्यांकडे तीच टिकते. मजकुरात मात्र दोघांचीही अक्षरं राहतात.

टेक्स्टएरिया बदलला की वाय-टेक्स्टमध्ये सगळा मजकूर पुसून नवा टाकू नका. दोघांनी एकदम तसं केलं तर ओळ दोनदा छापल्यासारखी होते. जुना आणि नवा मजकूर समोरून किती सारखा आहे ते मोजा, मग मागून मोजा, आणि मधला बदललेला तुकडाच पुसून नवा घाला. वीसेक ओळींचं फंक्शन आहे ते. पुसणं आणि घालणं एकाच व्यवहारात (ट्रान्झॅक्शनमध्ये) बांधा.

पुढे तीन जोड लागतात. वेबसॉकेटचा, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हरमधल्या सतत उघड्या जोडणीचा, जोड बदल सर्व्हरमार्फत इतरांना पोहोचवतो. इंडेक्स्डडीबीचा, म्हणजे ब्राउझरमधल्या साठवणीचा, जोड फोनमध्येच प्रत ठेवतो, त्यामुळे मैदानावर नेट नसताना पान बंद करून उघडलं तरी लिहिलेलं शाबूत असतं. आणि 'अवेअरनेस' कोण कोणत्या ओळीवर आहे ते सांगतो. नाव आणि रंग एवढंच दाखवा. पूर्ववत करण्यासाठी लायब्ररीचा अनडू-मॅनेजर घ्या आणि तो फक्त आपल्याच बदलांवर चालेल असा बांधा. दुसऱ्याचं काम आपल्या एका बटणाने परत फिरलं तर त्या पानावरचा विश्वासच उडतो.

सहावी पायरी: झाडाचं वर्तुळ

इथे थोडं थांबा, कारण लायब्ररी हे तुमच्यासाठी करत नाही. समजा एकाने 'पाण्याची सोय' उचलून 'प्रथमोपचार पेटी'च्या पोटात टाकली. त्याच वेळी नेट नसलेल्या दुसऱ्याने 'प्रथमोपचार पेटी' उचलून 'पाण्याची सोय'च्या पोटात टाकली. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर. जुळणी झाल्यावर पहिलीची पालक दुसरी आणि दुसरीची पालक पहिली. मुळापासून खाली चालत आलं की दोन्ही सापडत नाहीत. माहिती आहे, पण पडद्यावरून दोन्ही शाखा गायब.

उपाय पडदा काढतानाच करायचा. प्रत्येक ओळीपासून पालकापालकाने वर चढा. मूळ सापडलं तर ठीक. वाटेत आधी भेटलेली एखादी ओळ पुन्हा भेटली तर वर्तुळ आहे. त्या वर्तुळातल्या ओळींपैकी सगळ्यात लहान आयडीची ओळ मुळाखाली आहे असं धरा आणि तिथे एक छोटं खूणचिन्ह दाखवा. नियम फक्त साठवलेल्या माहितीवरून ठरायला हवा, म्हणजे सगळ्यांच्या पडद्यावर तीच ओळ वर येते. ही दुरुस्ती डॉक्युमेंटमध्ये लिहू मात्र नका. पाच फोन एकदम दुरुस्ती करू लागले तर त्या दुरुस्त्याच आपसात भिडतील. कोणी ती ओळ हाताने योग्य जागी नेली की वर्तुळ आपोआप सुटतं. मार्टिन क्लेपमन आणि सहकाऱ्यांनी झाडातल्या हलवाहलवीसाठी बदलांची नोंद मागे घेऊन पुन्हा चालवणारी याहून काटेकोर रीत दिली आहे. पहिल्या आवृत्तीला तिची गरज नाही.

काढून टाकण्याचंही असंच आहे. एकाने शाखा काढली आणि दुसऱ्याने तिच्यात नुकतीच ओळ घातली, तर ती ओळ पालकाविना उरते. म्हणून खरोखर पुसू नका. 'कचरापेटी' नावाचा दुसरा ठरलेला पालक ठेवा आणि काढणं म्हणजे तिथे हलवणं असं करा. नवी ओळही शाखेबरोबर तिथे जाते, तिथून परतही आणता येते, आणि वेगळा कोडही लागत नाही. शाखा काढली तेव्हा तिच्यात कोणी लिहीत असेल, तर त्याला पडद्यावर तसं कळवा.

सातवी पायरी: भांडण लावून तपासा

एकाच ब्राउझरच्या दोन टॅबमध्ये तपासलं तर फसगत होते. वायजेएसचा वेबसॉकेट जोड एका ब्राउझरमधले टॅब आपसात थेट जोडतो, त्यामुळे सर्व्हर बंद असतानाही सगळं जुळतंय असं दिसतं. एक खिडकी क्रोममध्ये आणि दुसरी फायरफॉक्समध्ये उघडा. पानावरच 'तोडा' आणि 'जोडा' अशी दोन तात्पुरती बटणं घाला. दोन्हीकडे तोडा, मग मुद्दाम टक्कर घडवा: तीच ओळ दोन जागी हलवा, एकमेकींच्या पोटात टाका, एकीकडे काढा आणि दुसरीकडे तिच्यातच लिहा, एकाच फटीत ओळी घाला. मग जोडा आणि दोन्ही पडदे शब्दन् शब्द ताडून बघा. हाताने पटलं की हेच एका प्रोग्रामकडून यदृच्छेने हजारो वेळा करून घ्या.

आठवी पायरी: लोकांच्या हाती देण्याआधी

सर्व्हर छोटा असला तरी चालतो. समोर एनजिनएक्स (आलेल्या विनंत्या सर्व्हरकडे पुढे पाठवणारा प्रोग्राम) असेल तर वेबसॉकेटसाठी लागणारे अपग्रेडचे हेडर त्यातून पुढे जातात ना ते बघा. पान उघडतं पण जोडणी होत नाही, ही तक्रार बहुतेक वेळा तिथलीच असते. डॉक्युमेंट सर्व्हरच्या डिस्कवर साठवलं जातंय याचीही खात्री करा. नुसतं मेमरीत असेल तर सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावर त्याच्याकडे काहीच उरत नाही.

लिंक लांबलचक आहे म्हणून ती गुप्त ठरत नाही. या पानावर स्वयंसेवकांचे फोन नंबर असणार, हरवलेल्या मुलांच्या नोंदी असणार. वेबसॉकेट जोडतानाच सर्व्हरवर ओळख तपासा. ज्याला फक्त वाचायचं आहे त्याचे बदल सर्व्हरनेच नाकारायला हवेत. पडद्यावरचं बटण लपवून ते साधत नाही.

आणि माहिती बाहेर काढण्याची सोय ठेवा. आउटलाइनसाठी ओपीएमएल हा २००० सालापासून चालत आलेला प्रकार आहे. तो एक्सएमएलमध्ये असतो आणि बरेच आउटलायनर तो वाचतात. त्याच्या जोडीला टॅब देऊन आत सरकवलेला साधा मजकूरही काढता आला पाहिजे, म्हणजे तो तसाच व्हॉट्सॲपवर टाकता येतो. छपाईसाठी सीएसएसमध्ये वेगळे नियम लिहा: बटणं लपवा, मिटलेल्या शाखा उघडा, प्रत्येक मोठ्या कामाची सुरुवात नव्या पानावर करा. नंदीध्वजांच्या मिरवणुकीबरोबर चालणाऱ्याच्या दोन्ही हातांना काम असतं, त्याच्या खिशात ही छापील घडी असू द्या.